परदेशी मदत, कारभार आणि गरीब देश : बडोद्याच्या वाचनगटात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या एका स्वयंसेवी संस्थेत मी सव्वीस वर्षं हिशेब लिहिले. संस्थेचा निम्म्याहून जास्त पैसा बाहेरच्या देशांतून यायचा, त्यामुळे 'मदत' या शब्दाची व्हाउचरं, पावत्या आणि मार्चअखेरची धावपळ मी आतून पाहिली आहे. आता दांडिया बाजारातल्या आमच्या शनिवारच्या वाचनगटात या विषयावर तीनदा बोलून झालं आणि तिन्ही वेळा तेच ते प्रश्न आले. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. नवीन कुणी आलं की हे हातात द्यायचं आणि चहा मागवायचा.

परदेशी मदत म्हणजे फुकट मिळालेले पैसे ना?

थोडे फुकट, बरेचसे नाही. एक असतं अनुदान, ते परत द्यायचं नसतं. दुसरं सवलतीचं कर्ज: व्याज नाममात्र, मुदत लांबलचक. तिसरी मदत म्हणजे माणसं, यंत्रं, प्रशिक्षण, धान्य, लसी. हिशेबात या सगळ्याला मिळून 'मदत' म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

आपल्या दारातलंच उदाहरण घ्या. बडोद्यावरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे खांब रोज दिसतात. ५०८ किलोमीटरच्या या प्रकल्पाचा मूळ खर्च सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये धरला होता आणि त्यातले ८१ टक्के जपान कर्जाऊ देणार असं ठरलं. व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत, पहिली १५ वर्षं हप्ता नाही. माझ्या भाच्याचा घरकर्जाचा हप्ता चालू आहे. त्याने हे ऐकून विचारलं, "आत्या, जपान्यांना वेड लागलंय का?" वेडबिड काही नाही. कर्ज येनमध्ये आहे, म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांत येन महागला तर आपला हप्ता रुपयांत फुगणार. शिवाय गाडीचं तंत्र शिंकान्सेनचं, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचं, म्हणजे त्यांच्या कारखान्यांना पुढची कित्येक वर्षं काम. देणारा इथे दानधर्म करत नाही आणि घेणाराही भीक मागत नाही. हा व्यवहार आहे, चांगला की वाईट ते कलमं वाचून ठरवायचं.

'पैसे आम्ही देतो, माल आमच्याकडूनच घ्या' या प्रकाराला बांधील मदत म्हणतात. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे असा माल खुल्या बाजारापेक्षा १५ ते ३० टक्के महाग पडतो. शंभराची मदत कागदावर शंभराची, हातात सत्त्याहत्तर-सत्त्याऐंशीची.

श्रीमंत देश एकूण देतात तरी किती?

लोकांना वाटतं त्याच्या मानाने फारच कमी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के द्यावेत असं संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवलं. पन्नास वर्षं उलटून गेली, पण २०२४ मध्ये ही रेघ ओलांडणारे देश चारच: नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग. त्या वर्षी सगळ्या देणगीदार देशांची मिळून मदत सुमारे २१२ अब्ज डॉलर होती, म्हणजे त्यांच्या उत्पन्नाच्या ०.३३ टक्के. आदल्या वर्षी ती २२३ अब्ज होती. पुढे घसरण वाढली. ब्रिटनने २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर येण्याचं जाहीर केलं आणि १९६१ मध्ये केनेडींच्या काळात सुरू झालेली अमेरिकेची यूएसएड ही संस्था जुलै २०२५ मध्ये मोडीत काढली गेली.

आता शेजारी दुसरा आकडा ठेवा. परदेशात राबणाऱ्या माणसांनी २०२४ मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या आपल्या घरी पाठवलेले पैसे जागतिक बँकेच्या अंदाजाने सुमारे ६८५ अब्ज डॉलर. मदतीच्या तिप्पट. त्यासाठी ना परिषद झाली ना जाहीरनामा निघाला.

'सुशासन' हा शब्द भाषणात ऐकतो. त्याचा अर्थ काय?

भाषणातला अर्थ विसरा. मी हिशेबनीस आहे, माझी व्याख्या साधी आहे: पैसा कुठून आला, कुणाच्या सहीने गेला आणि काम बिघडलं तर कुणाला धरायचं, हे सामान्य माणसाला कळलं पाहिजे. जागतिक बँक १९९६ सालापासूनच्या आकड्यांवर देशांचं मोजमाप सहा कसोट्यांवर करते: लोकांचा आवाज, राजकीय स्थैर्य, सरकारची कार्यक्षमता, नियमांचा दर्जा, कायद्याचं राज्य आणि भ्रष्टाचाराला आळा. कसोट्या ठीक आहेत. पण त्या बऱ्याच अंशी तज्ज्ञांच्या आणि उद्योजकांच्या मतांवर बांधलेल्या आहेत, हे लक्षात ठेवावं.

बडोदेकराला याहून चांगला शब्द घरातच मिळतो. मराठीत वहिवाट म्हणजे वापराचा हक्क: शेताची वहिवाट, पायवाटेची वहिवाट. गुजरातीत वहीवट म्हणजे कारभार. गायकवाडीत तालुक्याच्या अधिकाऱ्याला वहिवाटदार म्हणत, मानाचा हुद्दा होता तो. आज गुजरातीत कुणी डोळा मिचकावून "वहीवट करी लो" म्हणालं की अर्थ होतो टेबलाखालून मिटवून टाका. आणि 'वहीवटदार' म्हणजे वरच्यांसाठी हप्ते गोळा करणारा. शब्द तोच, खुर्ची तीच, अर्थ कुठून कुठे गेला बघा. गरीब देशांत मदतीचं काय होतं हे मला विचाराल तर बहुतेक वेळा उत्तर हेच असतं, की तिथे वहिवाटदार कुठल्या अर्थाचा बसला आहे.

आपल्या भागात परदेशी मदत खरोखर कुठे लागू पडली?

आणंदला. इथून तासाभराच्या वाटेवर. हे उत्तर लांबणार आहे, कारण जगात मदतीचा इतका हुशार वापर फार थोड्या ठिकाणी झाला.

साठच्या दशकाच्या शेवटी युरोपात दूध भुकटी आणि लोण्याचे डोंगर साचले होते. ते आपल्याकडे फुकट वाटले असते तर पहिला मार खेड्यातल्या म्हशीवाल्याला बसला असता. शहरात फुकटाचं दूध आल्यावर त्याच्या दुधाला भाव कोण देणार? व्हर्गीस कुरियन यांनी मागणी वेगळी केली. भुकटी द्या, पण ती आम्ही वाटणार नाही, विकणार. १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' या दूध योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत सुमारे १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल मिळणार होतं. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईच्या डेअऱ्यांत त्याचं दूध करायचं, गावच्या दुधाचा भाव पडणार नाही अशा बेताने विकायचं, आणि त्या पैशातून गावोगाव सहकारी संस्था, शीतकरण केंद्रं आणि टँकर उभे करायचे. हा पैसा सांभाळणाऱ्या इंडियन डेअरी कॉर्पोरेशनचं कार्यालय आपल्या बडोद्यात होतं. १९८७ मध्ये ते महामंडळ राष्ट्रीय दुग्धविकास मंडळात विलीन झालं.

तेव्हा टीका पुष्कळ झाली आणि ती सगळीच खोटी नव्हती. शहरी डेअऱ्या काही वर्षं युरोपच्या भुकटीवर रेलल्या, हे खरं. पण १९९८ च्या सुमारास दूध उत्पादनात भारताने अमेरिकेला मागे टाकलं आणि २०२३-२४ मध्ये आपलं उत्पादन २३ कोटी ९० लाख टनांवर गेलं. युरोपची भुकटी केव्हाच संपली, टँकर अजून फिरताहेत.

हे जमलं त्याचं कारण १९७० च्या आधीचं आहे. त्रिभुवनदास पटेलांचा खेडा जिल्हा दूध संघ १९४६ चा. १९५५ ची आणंदची डेअरीसुद्धा युनिसेफ आणि न्यूझीलंडच्या मदतीने उभी राहिली, पण मालक शेतकरीच राहिले. मदत आली तेव्हा ती ओतायला भांडं तयार होतं. पेटलादकडच्या एका गावात मी पहिल्यांदा दूध मंडळी, म्हणजे गावची सहकारी दूध संस्था, बघितली. पहाटे बायका रांगेत, कुणाकडे पितळी चरवी, कुणाकडे स्टीलची बरणी. माप घेतलं, चमचाभर नमुना नळीत, फॅटचा आकडा तिच्यासमोर वहीत चढला आणि सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी हातात. एका म्हातारीने आकड्यावरून सचिवाशी असा कडाक्याचा वाद घातला की मी चहा थंड करून बसले. तिला लिहिता येत नव्हतं, पण कालचा फॅट तोंडपाठ होता. आमच्या संस्थेला दरवर्षी मोठा लेखापरीक्षक यायचा. त्या म्हातारीइतका कडक त्यांतला एकही नव्हता.

मग आफ्रिकेत इतकी वर्षं मदत जाऊनही तसं का झालं नाही?

'आफ्रिका' म्हणून एकच उत्तर देता येत नाही, तिथे पन्नासहून अधिक देश आहेत. तीन देश पाहा.

झैरे, म्हणजे आजचं काँगो. मोबुतू १९६५ ते १९९७ सत्तेवर होते. जंगलातल्या आपल्या गावी, बादोलितेला, त्यांनी महाल बांधले आणि काँकॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी केली. १९७८ मध्ये एर्विन ब्लुमेंथाल नावाचा जर्मन बँकर त्यांच्या मध्यवर्ती बँकेत बसवला गेला. थोड्याच काळात तो बाहेर पडला आणि १९८२ च्या अहवालात त्याने बजावलं की या राजवटीकडून पैसे परत येण्याची आशा सोडा. तरीही पैसे जात राहिले, कारण शीतयुद्धात मोबुतू पाश्चात्त्यांच्या बाजूचे होते. इथे कारभार फक्त घेणाऱ्याचाच वाईट होता का?

युगांडा. १९९१ ते १९९५ या काळात प्राथमिक शाळांसाठी निघालेल्या दरडोई अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोहोचत होते, असं तपासणीत निघालं. मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रात छापायला आणि शाळांच्या दारावर लावायला सुरुवात केली. २००१ पर्यंत पोहोचणारा हिस्सा ८० टक्क्यांच्या वर गेला. सगळं श्रेय त्या छापील आकड्यांचं नाही, त्या काळात इतर सुधारणाही चालू होत्या असं काही अभ्यासक म्हणतात. तरी मला ही गोष्ट फार आवडते. राजीव गांधी १९८५ मध्ये म्हणाले होते ना, रुपयातले पंधरा पैसे पोहोचतात? जवळजवळ तोच हिशेब.

बोत्सवाना. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा सगळ्या देशात पक्का रस्ता जेमतेम १२ किलोमीटर. वर्षभरात हिरे सापडले. हिरे सापडलेल्या कित्येक देशांचं वाटोळं झालं, पण इथे सरकारने खाण कंपनीत निम्मा वाटा मिळवला आणि देणगीदारांना सांगितलं, तुमचा प्रकल्प आमच्या राष्ट्रीय योजनेत बसत असेल तर या, नाहीतर धन्यवाद. १९९४ मध्ये हा देश 'अल्पविकसित' यादीतून बाहेर पडला. एड्सने त्याला पुढे फार छळलं आणि हिऱ्यांवरची मदारही सुटलेली नाही, पण 'नको' म्हणता येणं ही कारभाराची मोठी खूण आहे.

मदतीतला किती पैसा खाल्ला जातो, काही मोजमाप आहे का?

संपूर्ण मोजमाप कुणाकडे असणार? खाणारा पावती देत नाही. पण २०२० मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी एक युक्ती केली. मदतीवर फार अवलंबून असलेल्या २२ देशांना जागतिक बँकेचे पैसे ज्या तिमाहीत मिळाले, त्याच तिमाहीत त्या देशांतून स्वित्झर्लंडसारख्या ठिकाणच्या बँकांत ठेवी वाढतात का ते पाहिलं. वाढत होत्या. गळतीचा अंदाज निघाला सरासरी साडेसात टक्के. 'सगळं खातात' म्हणणाऱ्यांना हा आकडा कमी वाटतो, मदतवाल्यांना जास्त. देश जितका मदतीवर अवलंबून, तितकी गळती मोठी, हे मात्र त्यात स्पष्ट दिसलं.

अटी घालून मदत दिली तर कारभार सुधारतो का?

अटी घालणाऱ्याचा हेतू काय, यावर आहे. लाल गहू आठवतो ना? पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली तिथला गहू यायचा. १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन जहाजं महिन्या-महिन्याच्या बोलीवर सोडायचे. शेतीधोरण बदला ही एक अट होती, व्हिएतनामवर बोलू नका ही दुसरी, न लिहिलेली. पुढे १९७२ च्या दुष्काळात सोलापूर-नगरकडच्या आमच्या नातेवाइकांनी मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, खाल्ली, ती आठवण त्यांच्या तोंडून अजून जात नाही. पण दोन्ही वेळा उत्तर घरातूनच आलं. १९६६ मध्ये कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणवलं. आणि बहात्तरच्या अनुभवातून वि. स. पागे यांची रोजगार हमी महाराष्ट्रात रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिचा मोठा पैसा व्यवसाय करातून, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारदारांच्या खिशातून आला. परदेशातून नव्हे.

दुसरं उदाहरण नर्मदेचं. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. विस्थापितांचा प्रश्न पेटला, मेधाताई पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते बडोद्यातूनही काम करत होते. बँकेने स्वतंत्र समिती नेमली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या त्या समितीने जून १९९२ मध्ये स्पष्ट लिहिलं की पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत गंभीर दोष आहेत, बँकेने मागे सरावं. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. धरण आपल्या पैशाने पुढे गेलं, न्यायालयात अडलं, पुन्हा वाढलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचं लोकार्पण झालं.

आमच्या गटात यावर दर वेळी भांडण होतं. एक बाजू म्हणते, कच्छला पाणी मिळालं. दुसरी म्हणते, ज्यांची घरं बुडाली त्यांना विचारा. मी या धरणाचं पाणी पिते आणि मोर्स अहवालही खरा मानते. एक गोष्ट मात्र भांडणात निसटते. कर्ज होतं तोवर आदिवासी गावातली तक्रार वॉशिंग्टनपर्यंत जाऊ शकत होती. कर्ज गेलं आणि ती वाट बंद झाली. याच वादातून बँकेने १९९३ मध्ये तपासणी मंडळ नेमलं, जिथे प्रकल्पग्रस्त थेट दाद मागू शकतात. त्याचा फायदा नर्मदेच्या लोकांना व्हायला उशीर झाला होता.

देणगीदाराने भ्रष्टाचाराचा आरोप करून मदत काढून घेतली, तर तो बरोबरच असणार?

नेहमी नाही. बांगलादेशच्या पद्मा पुलाचं १.२ अब्ज डॉलरचं कर्ज जागतिक बँकेने २०१२ मध्ये लाचेच्या कटाचा आरोप ठेवून रद्द केलं. कॅनडात त्यावरून चाललेला खटला २०१७ मध्ये पुराव्याअभावी ढासळला, आरोपी सुटले. बांगलादेशने पूल स्वतःच्या पैशाने बांधून २५ जून २०२२ रोजी सुरू केला. यातून ढाक्याचा कारभार स्वच्छ होता असंही सिद्ध होत नाही, बरं का.

हुकूमशहा बरा, कामं पटापट होतात. असं का म्हणू नये?

हा प्रश्न विचारणारे दक्षिण कोरियाचं नाव घेतात. खरं आहे, पन्नास-साठच्या दशकात अमेरिकेच्या मदतीवर जगणारा तो देश पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीत कारखानदार झाला आणि २०१० मध्ये देणगीदारांच्या समितीत जाऊन बसला. पण एका पार्कमागे किती मोबुतू निघतात ते मोजा. मोबुतूही लष्करातूनच आले होते. अमर्त्य सेन यांचं म्हणणं मला जास्त पटतं: नीट चालणाऱ्या लोकशाहीत, मोकळी वर्तमानपत्रं असताना मोठा दुष्काळबळी पडत नाही. हुकूमशहा चांगला निघेल की वाईट, हे आधी कळत नाही आणि नंतर बदलता येत नाही.

आरोग्यावरच्या मदतीचं काय?

ती सर्वांत कमी वाया जाते. देवीचा रोग १९८० मध्ये जगातून गेला. अमेरिकेच्या २००३ पासूनच्या एड्स कार्यक्रमाने अडीच कोटी जीव वाचवले असा त्यांचा हिशेब आहे. लस टोचली की टोचली, तिचा बंगला बांधता येत नाही. म्हणूनच २०२५ मधली कपात मला सर्वांत जास्त इथे बोचली.

शिक्षणात पैसा ओतला तर मुलं शिकतात का?

याचा जगप्रसिद्ध प्रयोग आपल्याच शहरात झाला आणि बडोद्यात फारच थोड्यांना ते माहीत आहे. २००० साली राज्य सरकारने इथल्या शंभरेक पालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने पाहणी केली तेव्हा लहान वर्गातली मुलं ते जवळजवळ वापरत नव्हती. अभ्यासकांनी लिहिलं की चालवणारं कुणी नसल्याने बहुधा ते खोक्यांतच पडून राहिले. खोकी कोरी करकरीत, माल पोहोचल्याची सही असणार, हिशेबात योजना शंभर टक्के यशस्वी!

त्याच शाळांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 'बालसखी' ही योजना तपासली. वस्तीतलीच शिकलेली एक मुलगी, महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन, वर्गातल्या सर्वांत मागे पडलेल्या वीसेक मुलांना ती रोज दोन तास वेगळं बसवून वाचन आणि आकडे शिकवायची. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या शाळा निवडल्या, म्हणजे तुलना खरी व्हावी. बालसखीच्या शाळांतल्या मुलांचे गुण ठळकपणे वाढले. खोक्यातले संगणक बाहेर काढून, शिकवणारी माणसं देऊन गणिताचे खेळ लावले तेव्हा गणितही सुधारलं. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ चं नोबेल मिळालं त्यामागे अशाच प्रयोगांची रास होती.

सयाजीरावांनी तर परदेशी मदतीशिवाय सगळं केलं ना?

पैसा रयतेच्या सारावसुलीचा, पण कल्पना आणि माणसं त्यांनी जगभरातून आणली. आधीचा कारभार आठवा: मल्हाररावांच्या सोन्याच्या तोफा आणि रिकामा खजिना. १८७५ मध्ये त्यांना पदच्युत केल्यावर कवळाण्याचा मुलगा, तेच हे सयाजीराव, गादीवर आला आणि तो सज्ञान होईपर्यंत दिवाण टी. माधवरावांनी आधी हिशेबाची घडी बसवली. मग १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण, आधी एका तालुक्यात करून बघितलं, १९०६ मध्ये राज्यभर. ग्रंथालयांसाठी अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावलं. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात जायला शिष्यवृत्ती दिली. आणि त्याच बडोद्यात १९१७ मध्ये बाबासाहेब नोकरीला परतले तेव्हा त्यांना राहायला घर मिळालं नाही. राजाचा हुकूम शाळा उघडू शकला, गल्ली उघडू शकला नाही. सुशासनाच्या सहा कसोट्यांत ही सातवी कुठे बसवायची, मला अजून कळलेलं नाही.

भारत आता मदत घेतो की देतो?

दोन्ही. २००३ च्या अर्थसंकल्पात छोट्या देणगीदारांना सन्मानाने निरोप दिला, ब्रिटनची थेट आर्थिक मदत २०१५ मध्ये थांबली. जपान आणि विकास बँकांची कर्जं चालू आहेत. देण्याच्या बाजूला इतर देशांतल्या माणसांसाठी १९६४ पासूनचं आयटेक प्रशिक्षण आहे, अफगाणिस्तानात हेरातचं सलमा धरण आहे, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या भूतानसाठी २,१५० कोटी रुपये होते. देताना आपणही आपल्याच कंपन्यांचा माल घ्यायला लावतो. जपानला हसणाऱ्या भाच्याला हे सांगायचं राहिलं.

मुलगी न्यू जर्सीत आहे. तिने आमच्या संस्थेला पैसे पाठवले तर चालतील का?

तिच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे तिच्या स्वतःच्या कमाईचे, बँकेतून येणार असतील, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. तिने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असूनही ती परदेशी देणगीच. मग संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावे लागतात, प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्चता येत नाही आणि दुसऱ्या संस्थेला ते पुढे देता येत नाहीत. शेवटच्या नियमाने खेड्यातल्या लहान संस्थांचं कंबरडं मोडलं, असं माझं मत. त्यांना थेट देणगीदार कुठून मिळणार? तरी नियम तो नियम. चार्टर्ड अकाउंटंटला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका.

तुमच्या सव्वीस वर्षांत मदत वाया गेलेली तुम्ही स्वतः पाहिली का?

पाहिली, आणि तिथे कुणी एक पैसा खाल्ला नव्हता.

आधी थोडी पार्श्वभूमी. सत्तरच्या दशकात देशभर बसवलेले बिडाचे हातपंप धडाधड मोडत होते. युनिसेफने परदेशी नमुना न आणता सोलापूरच्या एका मेकॅनिकच्या हातच्या पंपावरून 'इंडिया मार्क टू' बनवून घेतला. तो पुढे कित्येक देशांत गेला. आमच्या संस्थेलाही एका युरोपी देणगीदाराकडून छोटा उदेपूरच्या बाजूच्या गावांसाठी असे चाळीस पंप मिळाले. सुंदर काम झालं, फोटो निघाले. तिसऱ्या वर्षी चौदा बंद. बिघाड एकच, आतले चामड्याचे वॉशर झिजलेले. मी पत्र लिहिलं: एक दुरुस्तीवाला, एक सायकल, पान्ह्यांचा एक संच आणि वर्षभराचे वॉशर एवढं द्या. दोन महिन्यांनी अतिशय सभ्य उत्तर आलं. आवर्ती, म्हणजे दरवर्षी पुन्हा लागणारा, खर्च त्यांच्या नियमात बसत नव्हता, पण शिल्लक निधीतून दहा नवे पंप द्यायला त्यांना आनंद वाटेल.

आम्ही दहा पंप घेतले. गावातल्या बायकांनी घरटी दोन रुपये काढून एका पोराला दुरुस्ती शिकायला पाठवलं. त्या वर्षीच्या ताळेबंदात पंप मालमत्तेत दाखवले आणि वॉशर मी 'किरकोळ'मध्ये टाकले.